गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुलं पत्र : घरकामगारांना दाखला द्यायला घाबरू नका

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, महाराष्ट्र

विषय : घरकामगार ठेवणाऱ्या कुटुंबांच्या कायदेशीर जबाबदाऱ्या आणि त्यात सोसायटीचं काम

महोदय / महोदया,

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेत पार्किंग, टँकरचं बिल, लिफ्टचं कंत्राट हे ठरलेलं असतं. 'कामवाल्या बायका' हा विषय आलाच तर तक्रार म्हणून येतो : दर वाढवले, दांड्या मारतात, रहिवाशांची लिफ्ट वापरतात, बाहेर जाताना पिशव्या तपासायला हव्यात. यंदा तो वेगळ्या रूपात यावा, म्हणून आम्ही हे पत्र लिहीत आहोत. आम्ही घरकामगारांच्या नोंदणीचं आणि कामगार कायद्याचं काम करतो. त्यामुळे कुठल्या सोसायटीत गाडी कुठे अडते, याची आम्हाला पुरेशी कल्पना आहे.

समित्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : "घरकामाला कायदाच नाही हो." हे अर्धवट खरं आहे. महाराष्ट्राने घरकामासाठी किमान वेतनाचा दर ठरवलेला नाही. शेजारच्या कर्नाटकाने तो २००४ सालीच ठरवला. पुण्यात मोलकरणींनी संप केला तो १९८० साली, पगारवाढ आणि रजा मागण्यासाठी. त्या संपातून संघटना उभी राहिली, पण दराचा प्रश्न आजही जिथल्या तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक करारावर भारताने बाजूने मत दिलं, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितलं. म्हणजे पोकळी आहे, हे न्यायालयालाही दिसतं.

पण एकच एक कायदा नाही, याचा अर्थ घरावर काहीच बंधन नाही असा होत नाही. ही बंधनं चार-पाच वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत. त्यातली काही इतकी कडक आहेत की मोडल्यास पोलीस थेट गुन्हा नोंदवतात. आणि ज्या गोष्टीला कुठलाही कायदा घाबरवत नाही, तिलाच बहुतेक घरं सर्वात जास्त घाबरतात. ती गोष्ट म्हणजे दाखला, म्हणजे 'ही बाई आमच्याकडे कामाला आहे' असं घराने लिहून दिलेलं प्रमाणपत्र. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

महाराष्ट्र घरकामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ सालचा आहे. १८ पूर्ण आणि ६० च्या आत वय असलेल्या घरकामगाराला जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मंडळाकडे नोंदणी करता येते. आधार, वयाचा पुरावा, राहण्याचा पुरावा, बँक पासबुक आणि फोटो हे ती स्वतः जमवते. एक कागद मात्र तिच्या हातात नसतो : ती ज्या घरी काम करते त्या घराचं प्रमाणपत्र. हा कायदा मालकावर नोंदणीची सक्ती करत नाही. त्यामुळे एका सहीसाठी सगळं अडतं, आणि सही न करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

त्या सहीअभावी काय बुडतं ते पाहा. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत घरकामगाराला १०,००० रुपये सन्मानधन मिळतं. दोन अपत्यांपर्यंत प्रसूतीसाठी ५,००० आणि मृत्यूनंतर अंत्यविधीसाठी वारसाला २,००० रुपयांची तरतूद आहे. २०२१ च्या कोरोना निर्बंधांच्या काळात सरकारने जे १,५०० रुपये दिले, तेही नोंदीत घरकामगारांनाच. रकमा लहान आहेत, हे आम्हालाही मान्य. पण मंडळ मजबूत करा अशी मागणी करायलासुद्धा आधी नोंदीवर माणसं असावी लागतात. वयाची अट इथे फार बोचते. ५८ वर्षांच्या मावशींना "पुढच्या वर्षी बघू" म्हणून दोनदा टोलवलं की त्या कायमच्या बाहेर. नोंदणी एकदाच करून भागत नाही, तिचं नूतनीकरणही वेळेत व्हावं लागतं. ते राहिलं की नाव नोंदीत असूनही लाभ अडतो, आणि हे बाईंना कळतं ते अर्ज फेटाळला गेल्यावर.

प्रमाणपत्र कसं असावं याचा बाऊ नको. साध्या कागदावर चालतं :

"प्रमाणित करण्यात येते की श्रीमती (आधारवर आहे तसं पूर्ण नाव), राहणार (पत्ता), या माझ्या घरी (फ्लॅट क्रमांक, इमारत, पूर्ण पत्ता) दिनांक … पासून धुणं-भांडी / केर-फरशी / स्वयंपाक / मूल किंवा वृद्ध सांभाळणे हे काम करीत आहेत. नाव, सही, दिनांक, मोबाइल क्रमांक."

यात चुका ठरावीकच होतात. सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. सोसायटीत सगळे 'सुनीता मावशी' म्हणतात आणि आधारवर लग्नाआधीचं नाव असतं. म्हणून आधार समोर ठेवूनच नाव उतरवा. 'बऱ्याच वर्षांपासून' असं मोघम लिहू नका, महिना आणि साल तरी घाला. दिनांक विसरू नका. आणि एक गैरसमज : अर्जात 'घरमालक' असा शब्द दिसला की भाडेकरू म्हणतात, "फ्लॅट माझा नाही, मी कशी सही करू?" इथे मालक म्हणजे काम देणारा. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने काम दिलं असेल तर सही त्याचीच लागते, फ्लॅटच्या मालकाची नाही. बाई पाच घरी काम करत असेल तर एका घराच्या प्रमाणपत्रावरही अर्ज उभा राहतो. पण ज्याच्याकडे ती सर्वात जास्त वर्षं आहे तेच घर नेमकं हात आखडतं, हे आम्ही वारंवार पाहतो.

का आखडतं? भीती तीन आहेत. तिन्हींना उत्तर आहे.

पहिली, "लिहून दिलं की ती पर्मनंट होईल." २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत 'उद्योग' या शब्दाची व्याख्या आहे, आणि तिच्यातून घरगुती सेवा सरळ वगळलेली आहे. आपलं घर हा उद्योग नाही, त्यामुळे तिथे नोकरीत कायम करण्याचा वाद औद्योगिक न्यायालयात जाऊच शकत नाही. आम्हाला ही वगळणूक पसंत नाही, पण कायदा आज असा आहे. दुसरी भीती, "पीएफ, ग्रॅच्युइटी मागेल." भविष्य निर्वाह निधीला २० आणि ग्रॅच्युइटीला १० कामगारांची आस्थापना लागते. कुणाच्या टू बीएचकेमध्ये ती संख्या भरत नाही. तिसरी भीती खास बंगल्यांची आणि आउटहाउसची : "राहायला खोली दिली, आता दाखला दिला तर जागेवर हक्क सांगेल." गोव्यातल्या एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलं की नोकर किंवा राखणदार म्हणून जागेत राहणाऱ्याला, कितीही वर्षं राहिला तरी, त्या जागेवर मालकी हक्क मिळत नाही. आता नीट विचार केलात तर 'ही व्यक्ती माझ्याकडे कामाला आहे' असा लेखी कागद अशा वादात मालकाचीच बाजू धरतो.

उलट सामाजिक सुरक्षा संहितेने घरांत काम करणाऱ्यांना नाव घेऊन असंघटित कामगारांत धरलं आहे. केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांसाठीच्या 'ई-श्रम' नोंदणीत त्या बसतात. वय १६ ते ५९, पीएफ किंवा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांचं सभासदत्व नसावं, नोंदणी फुकट, आणि मिळतो १२ अंकी क्रमांक. तिथे मालकाची सहीही लागत नाही. अडतं ते ओटीपीवर, कारण आधारला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मागच्या सिमचा असतो. अशा वेळी सामाईक सेवा केंद्रात बोटाच्या ठशावर काम होतं. ठसा उमटत नसेल, आणि भांडी घासणाऱ्या हातांचे ठसे खरोखरच उमटत नाहीत, तर आधी आधार केंद्रात मोबाइल नंबर बदलून घ्यावा लागतो. ४० च्या आतल्या बाईंसाठी 'प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन' ही पेन्शन योजना आहे. तिशीच्या आसपास महिन्याला साधारण १०० रुपये, ४० व्या वर्षी २००, तेवढीच भर सरकारची, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये. ही वर्गणी भरायला घराने मदत करायची ठरवली, तर दिवाळीच्या साडीपेक्षा ती जास्त टिकेल, असं आमचं मत आहे.

आता पगार. तोंडी ठरलेला करारही करारच असतो. भारतीय करार कायदा १८७२ पासून आहे आणि त्यात तोंडी शब्दाला किंमत आहे. काम करून घेतलं आणि पैसे दिले नाहीत तर तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा करता येतो. स्त्रीला त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अटही नाही, मदतीचा फोन क्रमांक १५१००. तिथवर पाळी येऊ नये म्हणून कामाला लागतानाच एक पान लिहा, दोन प्रती करा, एक तिच्याकडे ठेवा. तिला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि फोनवर फोटो पाठवा. तिच्या घरी कुणीतरी वाचतंच.

त्या पानावर काय हवं? कामाची यादी, आणि यादीत मापं. 'स्वयंपाक' म्हणजे किती माणसांचा, पोळ्या किती, भाजी चिरणं तिचं की घरच्यांचं, ओटा पुसणं धरलं आहे की नाही. 'फरशी' म्हणजे किती खोल्या, बाल्कनी धरून की सोडून. बाथरूम धुणं रोजचं की आठवड्यातून एकदा. निम्मी भांडणं पैशांवरून होत नाहीत, ती होतात 'जाता जाता एवढं कर ना' यावरून. पाहुणे आले, गणपती बसले, दिवाळीची साफसफाई निघाली, तर जादा किती, तेही आधीच ठरवा.

खाड्याचा हिशेब वेगळा सांगावा लागतो, कारण इथे जाणूनबुजून नसली तरी फसवणूक होते. महिन्याचे ३,००० ठरले. बाई एक दिवस आली नाही, घराने २६ ने भागलं आणि ११५ रुपये कापले. तीच बाई सुटीच्या दिवशी जादा आली तर हिशेब ३० ने, हातात १०० रुपये. भाजक एकच ठेवा, कापताना आणि देतानाही. आणि मुळात आठवड्याची सुटी पगारी धरा. महिन्यातल्या चार सुट्या आणि वर्षाच्या आजारपणाच्या दहा-बारा रजा दिल्या, तर कुठल्याही घराचं बजेट कोसळत नाही. तुम्ही पंधरा दिवस गावाला गेलात तर तो खाडा तिचा नाही. तिने तुमच्यासाठी वेळ राखून ठेवलेली असते, त्या वेळेत ती दुसरं घर धरू शकत नाही. म्हणून पूर्ण पगार द्या. इथे आम्ही कायद्यापुढे एक पाऊल टाकतोय, हे ठाऊक आहे.

पैसे शक्यतो बँकेत किंवा यूपीआयवर द्या. पुरावा दोघांनाही कामाचा. यूपीआय तिच्याच खात्यावर करा, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नको. तिने तसं सांगितलं तरी एकदा एकटीला विचारा.

उचल दिली असेल तर ती वहीत लिहा आणि हप्ता पगाराच्या चौथाईपेक्षा जास्त ठेवू नका. ४,००० पगारावर १२,००० उचल म्हणजे महिना १,००० ने बारा महिने. आणि "उचल फिटेपर्यंत काम सोडायचं नाही" ही अट कधीही घालू नका. ती अट म्हणजे वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद केली आहे आणि कलम १६ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे परत मागायचा हक्क तुम्हाला आहे, माणूस अडकवून ठेवायचा नाही. घरात राहून काम करणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे जास्त घडतं : ब्युरोला, म्हणजे मुली पुरवणाऱ्या एजन्सीला, महिन्याचं कमिशन दिलेलं असतं, तिचं मूळ आधार कार्ड कपाटात असतं, बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप. कुलूप लावून कोंडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ चा गुन्हा आहे. 'सुरक्षेसाठी' हे त्याचं उत्तर होत नाही. शिवाय आग लागली तर आत कोण आहे, हे अग्निशमन दलाला कोण सांगणार?

लैंगिक छळाबद्दल बहुतेक समित्यांची समजूत अशी की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ऑफिसांसाठी आहे. त्या कायद्यात राहतं घर हे कामाचं ठिकाण म्हणून नोंदलेलं आहे, घरकामगाराची वेगळी व्याख्या आहे, आणि 'मालक' कोण तेही सांगितलं आहे : घरकामगाराला काम देणारी किंवा तिच्या कामाचा लाभ घेणारी व्यक्ती अथवा कुटुंब, मग कामगार कितीही असोत, कितीही वेळ येवोत. लाभ घेणारा, हा शब्द लक्षात घ्या. पगार सूनबाई देत असल्या तरी सासरे, दीर सगळे त्यात आले. ऑफिसात असते तशी तक्रारीसाठीची अंतर्गत समिती घरात नसते, म्हणून तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे. घरकामगाराच्या तक्रारीत एक खास तरतूद आहे. सकृतदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. इतर कर्मचाऱ्यांसारखी आधी नव्वद दिवसांची चौकशी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, तेही गोव्यातूनच आलेल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यांत या समित्या आणि तालुका-वॉर्डपातळीवर नोडल अधिकारी नेमायला मुदत घालून दिली. तुमच्या जिल्ह्याच्या समितीचा पत्ता आणि फोन गेटवरच्या फलकावर मराठीत आणि हिंदीत लावा. खर्च एका छापील कागदाचा.

छळ करणारा लिफ्टमन किंवा वॉचमन असेल तर? सोसायटीने नेमलेले, कंत्राटी धरून, दहा किंवा जास्त लोक असतील तर सोसायटीवरच अंतर्गत समिती नेमण्याची सक्ती आहे आणि न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड. मोठ्या टाउनशिपमध्ये दहाचा आकडा सकाळच्या एका पाळीतच ओलांडला जातो. याच ओघात : जिने झाडणारे आणि कचरा उचलणारे हे सोसायटीचे कामगार आहेत, घरकामगार नव्हेत. त्यांना किमान वेतन लागू आहे. आणि सुरक्षासाधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ पासून गुन्हा आहे, त्यांना असो वा कुणालाही.

मुलांबद्दल थोडक्यात, कारण इथे शंकेला जागा नाही. १४ वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० दंड किंवा दोन्ही. १८ खालच्या मुलाची कमाई अडवून ठेवली किंवा त्याला बांधून ठेवलं, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ खाली पाच वर्षांपर्यंत सश्रम कैद आणि एक लाख दंड. "आईबरोबर येते, हातभार लावते" ही पळवाट नाही. कुटुंबाला मदत करण्याची जी सूट आहे ती स्वतःच्या कुटुंबाच्या कामाची, दुसऱ्याच्या फरशीची नव्हे. वय पाहताना आधारवरची तारीख निर्णायक मानू नका, शाळेचा दाखला पाहा. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं म्हटलं आहे. इमारतीत असं मूल दिसलं तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करा. सुट्टीत आईसोबत आलेलं पोर पायरीवर बसून अभ्यास करत असेल तर मात्र त्याला हाकलू नका, एखादी खुर्ची द्या.

आता गेट. समितीचा सर्वात जास्त उत्साह इथे दिसतो आणि कायद्याचा आधार इथेच सर्वात कमी असतो. वॉचमनला कुणाचीही झडती घेण्याचा अधिकार नाही. पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच, सभ्यतेने घ्यावी लागते. तरीही पुरुष वॉचमन रोज संध्याकाळी डबे उघडायला लावतो, आणि त्याला 'पॉलिसी' म्हणतात. बाई घरून काही नेत असेल, शिळं-ताजं, जुने कपडे, तर देणाऱ्या घराने इंटरकॉमवर सांगावं किंवा चिठ्ठी द्यावी. इतकं पुरतं.

चोरीचा संशय आला तर तक्रार पोलिसांत करा. नोकराने केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेत वेगळं कलम आहे, ३०६, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं. म्हणजे कायदा तुमच्या बाजूने दुबळा नाही. पण पोलीस येईपर्यंत तिला फ्लॅटमध्ये बसवून ठेवणं, फोन काढून घेणं, महिन्याचा पगार अडकवणं हे करू नका. यातल्या पहिल्या गोष्टीसाठी तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. अगदी अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी स्त्रीला अटक करता येत नाही, हेही समितीने जाणून असावं. रात्री नऊला ठाण्यात फोन करून "आत्ताच घेऊन जा" म्हणणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. सीसीटीव्हीतला फोटो 'चोर' म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं ही बदनामी ठरू शकते, कलम ३५६. आणि तो फोटो पुढच्या चार सोसायट्यांत फिरला की बाईची पाचही घरं जातात. अंगठी महिन्याने सोफ्याखाली सापडली, हे ग्रुपवर कुणीच टाकत नाही.

'या बाईला कुणी ठेवू नये' किंवा 'धुणं-भांड्याला अमुकपेक्षा जास्त दर देऊ नये' असे ठराव सर्वसाधारण सभेत होतात. उपविधींनी समितीला जे अधिकार दिले आहेत त्यांत हे बसत नाहीत. सदस्य आणि घरकामगार यांच्यातला करार दोघांचा आहे, समिती त्यात पक्षकार नाही. सोसायटी मालमत्तेच्या देखभालीसाठी आहे, तिने तेवढंच करावं.

गेटच्या ॲपबद्दल एक सूचना. त्यात बाईचा फोटो, आधार क्रमांक, येण्याजाण्याच्या वेळा आणि रहिवाशांनी कामाला दिलेले तारे (रेटिंग) सुद्धा असतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीच्या खासगी वापराला लागू नाही, पण सोसायटी आणि ॲपवाली कंपनी म्हणजे खासगी व्यक्ती नव्हे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आत्तापासूनच आधारची झेरॉक्स गोळा करणं बंद करा. ओळख पटवायची तर क्रमांक झाकलेला 'मास्क्ड' आधार किंवा मतदार ओळखपत्र पाहून परत द्या. पोलीस पडताळणीचा अर्ज एकदा सोसायटीमार्फत भरला की पुरे, पाच घरांनी पाच वेळा भरण्यात आणि प्रत्येक वेळी तिची अर्धी सकाळ खाण्यात अर्थ नाही.

सुरक्षेत दोनच गोष्टी सांगतो, कारण जीव याच दोन ठिकाणी जातो. खिडकीची काच बाहेरून पुसायला छज्ज्यावर उतरवू नका. लांब दांड्याचा पुसणा दोन-तीनशे रुपयांना मिळतो. आणि संडास धुताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र वापरायला देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये लगेच श्वास कोंडतो. एक वापरलं की भरपूर पाणी ओता, दार उघडं ठेवा, दुसरं दुसऱ्या दिवशी. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ काम देणाऱ्यालाही लागू शकतं.

विम्याचं मात्र आजच करता येईल. तिच्या बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा निघतो, वय १८ ते ७०. आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा, प्रवेशाचं वय १८ ते ५०. दोन्ही मिळून ४५६. वर्ष १ जून ते ३१ मे, हप्ता मेअखेर आपोआप कापला जातो, आणि इथेच घोटाळा होतो. त्या दिवसांत शाळेच्या फीमुळे खात्यात पैसे नसतात, विमा गुपचूप बंद पडतो, आणि घरच्यांना कळतं अपघातानंतर. म्हणून २५ मेच्या आसपास तिच्या खात्यात ४५६ रुपये टाका. गाडीला पगारी ड्रायव्हर असेल तर मोटार पॉलिसीत त्याच्या जबाबदारीचं कलम साधारण ५० रुपयांत जोडता येतं. एजंट ते स्वतःहून सांगत नाही.

सभेत मांडायला ठरावाचा मसुदा खाली देत आहोत. हवे ते बदल करून घ्या.

"ठराव : संस्थेच्या कार्यालयात येत्या महिन्यातल्या दोन रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत घरकामगार प्रमाणपत्राचे टेबल लावण्यात येईल. कोरे नमुने संस्था छापेल. प्रत्येक सदस्याने व भाडेकरूने आपल्याकडील घरकामगाराचे प्रमाणपत्र आधार पाहून भरावे व सही करावी. प्रमाणपत्राची नोंद एका वहीत ठेवून नूतनीकरणाच्या महिन्यात संबंधित घराला आठवण देण्यात येईल. वय ५५ पेक्षा जास्त असलेल्या घरकामगारांचे अर्ज आधी भरून घेण्यात येतील. गेटवरील पिशव्यांची झडती आजपासून बंद करण्यात येत आहे. स्थानिक समितीचा पत्ता फलकावर लावण्यात येईल. घरकामगारांच्या दरांबाबत व त्यांना काम न देण्याबाबत पूर्वी केलेले ठराव रद्द करण्यात येत आहेत."

टेबलावर बसायला माणूस हवा असेल तर आम्ही येऊ. शाई-पॅड आणा, सगळ्यांना सही येतेच असं नाही.

आपले,
घरकामगार नोंदणीचं काम करणारे कार्यकर्ते आणि वकील